तोतारामभाऊंचा दुसरा नंबर

मेलेल्या माणसानं भिंतीवरच्या फोटोत गुमान बसावं, आल्यागेल्याकडे एकसारख्या चेहऱ्यानं पाहावं, सणावाराला हार घालून घ्यावा आणि जित्या माणसांना त्यांची कामं करू द्यावीत, एवढीच बेबाबाईची अपेक्षा होती. फार होती असं कुणी म्हणणार नाही. असोद्यातली बाकीची मेलेली माणसं या नियमानं वागत होती. शेजारच्या कमलबाईचा नवरा जिवंतपणी रोज संध्याकाळी गल्ली डोक्यावर घ्यायचा, पण फोटोत गेल्यापासून त्याची एक तक्रार आली नव्हती. रीत म्हणून काही असते. ती रीत अख्ख्या गावात एकट्या तोतारामभाऊंना, म्हणजे तिच्याच नवऱ्याला, माहीत नव्हती.

"जित्ते व्हते तवा जागचे हलत नव्हते," बेबाबाई कमलबाईला सांगे, "आनि आता पाहा! एका जागी बसवत नही त्यायले!"

कमलबाई तोंडाला पदर लावून हसे, मग हसता हसता एकदम थांबून परसाकडे पाही. परसात पॉलिहाऊस होतं.

हे हिरव्या प्लास्टिकचं पॉलिहाऊस मुळात केळीसाठी बांधलेलं. टिश्यूकल्चरची बारकी रोपं वावरात लावायच्या आधी काही दिवस सावलीत ठेवावी लागतात, तो उद्योग बेबाबाईच्या मुलानं, हितेंद्रनं, काढला होता. तो उद्योग बसला. रिकाम्या पॉलिहाऊसात मग भाऊ जाऊन बसले. नुसते बसले असते तरी चाललं असतं; पण कुठल्याशा थंड हवेच्या गावी ते लग्नाला गेले आणि येताना पिशवीत वाळक्या शेणाच्या गोळ्यांसारखे कंद घेऊन आले. बेगोनिया, म्हणाले. आता जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पत्र्यावर पापड भाजून निघतात, तिथे हे थंडीतलं झाड जगवायचं म्हणजे त्याला गारवा पाहिजे. भाऊंनी घरातला एकुलता एक कूलर उचलला आणि पॉलिहाऊसात नेऊन लावला. घरची माणसं ओल्या टॉवेलाखाली झोपली आणि फुलांनी गार वारा खाल्ला. हा कूलर बेबाबाई विसरली नव्हती. पुढच्या जन्मीही विसरणार नव्हती.

या झाडाची एक खोड भाऊंनी तिला एकदाच समजावून सांगितली होती. एका दांड्यावर तीन फुलं येतात. मधलं मोठं, पाकळीवर पाकळी चढलेलं, तो नर. दोन बाजूंना दोन बारक्या, साध्यासुध्या, त्या माद्या. मधल्याला प्रदर्शनाजोगं मोठं करायचं असेल तर बाजूच्या दोघी कोवळ्या असतानाच नखानं खुडून टाकायच्या. बेबाबाईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून पॉलिहाऊसात पाय टाकला नाही.

"जे घरात पाह्यलं तेच पाहाले तठी कायले जाऊ?" ती म्हणाली.

जळगावला दर हिवाळ्यात पुष्पप्रेमी मंडळाचं प्रदर्शन भरायचं आणि भाऊंचा नंबर दरवर्षी यायचा. दुसरा. पहिला धुळ्याच्या मोहिनीताईंचा. मंडळाची फिरती ढाल फिरती असूनही कधी फिरली नाही. मोहिनीताईंच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ती कायमची राहायला गेली होती. भाऊ दुसऱ्या नंबरचं पाकीट घेऊन हसत हसत घरी येत. बेबाबाईला ते हसणं सहन होत नसे. पापडात, भरतात, भांडणात, कशातही तिनं आजवर दुसरा नंबर पाहिलेला नव्हता. "दुसरा नंबर म्हंजे हारलेल्यायमधला पहिला," ती म्हणे. भाऊ म्हणत, "हं."

भाऊ गेले ते वैशाखात, भर दुपारी, त्याच कूलरसमोर, स्टुलावर बसल्या बसल्या. हात लावला तर अंग गार. पण कूलरसमोर ते रोजच गार असत, त्यामुळे नक्की कधी गेले हे डॉक्टरलासुद्धा सांगता आलं नाही.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. भाऊंना आवडायचं ते सगळं पानात होतं: हिरव्या मिरचीचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, वर तंबाखूची पुडी. कावळा आला. बाभळीवर बसला. आणि बसलाच. एका डोळ्यानं पानाकडे पाही, मान वळवून दुसऱ्यानं बेबाबाईकडे. हितेंद्र हात जोडून म्हणाला, "पप्पा, घर नीट सांभाळीन." कावळ्यानं पंख खाजवला. भाऊंच्या धाकट्या भावाला एवढं भरून आलं, की तो ओरडला, "दादा, बांधाचा वाद म्या सोडला!" जमलेल्या माणसांनी श्वास रोखले, कावळ्यानं रोखला नाही. (हा शब्द त्या गृहस्थानं घरी पोचायच्या आत परत घेतला, हे ओघानं आलंच.) ऊन डोक्यावर आलं. वाळू भाजायला लागली. शेवटी बेबाबाईचा संयम संपला, जो मुळात फार नव्हता.

"अहो, या न खाली! लोकायचे पाय भाजून राह्यले! तुमचे ते कंद मी लावीन, फुलं आनीन, पहिला नंबरबी आनीन, मंग त झालं?"

'नंबर' हा शब्द तोंडातून पुरता निघायच्या आत कावळा खाली होता.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. फक्त गुरुजी गंभीर झाले. "अक्का," ते पळीपंचपात्र आवरत म्हणाले, "मेलेल्या माणसाला शब्द दिला आहे तुम्ही. तो पुरा होईपर्यंत जीव इथेच घोटाळत राहतो. पुरा झाला की सुटला. तेवढं लक्षात असू द्या."

"पुरा झालाच म्हनून समजा," बेबाबाई म्हणाली. धुळ्याच्या एका बाईकडून एक ढाल आणायची, त्यात काय?

आखाड लागला तेव्हा तिनं कंद बाहेर काढले. त्यांना एका बाजूनं खड्डा असतो. तो वर ठेवायचा की खाली, हे सांगायला भाऊ नव्हते, कमलबाई होती.

"खड्डा खाली, बेबाअक्का! वर ठेवला त पानी साचंल, कुजून जाईल. आपन सुरन लावतो का नही?"

कमलबाईनं आयुष्यात सुरण लावलेलं नव्हतं, पण ती ज्या आवाजात सांगायची त्या आवाजाला पुरावा लागत नसे. बेबाबाईनं सगळे कंद खड्डा खाली करून लावले, माती दाबली, हात धुतले. सकाळी जाऊन पाहते तर सगळे कंद उलटलेले. खड्डे वर. भोवतालची माती अंगठ्यानं नीट दाबलेली. भाऊंच्या उजव्या अंगठ्यावर कडबाकुट्टीच्या पात्याचा जुना आडवा वण होता. मातीतल्या प्रत्येक ठशावर आडवी रेघ होती.

दुसरी एखादी बाई किंचाळली असती. बेबाबाईला राग आला.

"लावू द्यायचं नव्हतं त आधीच सांगायचं! रातभर उलटंसुलटं करत बसले!"

बाहेर केळीच्या बागेत वारा नव्हता. आतलं हिरवं प्लास्टिक मात्र एकदा आत ओढलं गेलं आणि पुन्हा बाहेर फुगलं, छातीसारखं.

कंदांना कोंब फुटले, गुलाबी, उंदराच्या नाकासारखे. मग कुंड्या फिरायला लागल्या. झाड उजेडाकडे कलतं, एका अंगाला वाढतं; तसं होऊ नये म्हणून भाऊ रोज सकाळी प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवत. बेबाबाईला हे माहीत होतं, आणि तिनं ते मुद्दाम न करायचं ठरवलं होतं. कुंडीच्या बुडाशी ओलीचं वर्तुळ असे. रोज सकाळी ते घासलेलं दिसे. तिनं प्रत्येक कुंडीला चुन्याचा ठिपका लावून ठेवला. सकाळी सगळे ठिपके पाव फेऱ्यानं पुढे सरकलेले. तिनं सुनेला बोलावलं.

"डिंपल, तूच फिरवते न या कुंड्या?"

"नाही हो आई," डिंपल दाराबाहेरूनच म्हणाली. "मी तर आतसुद्धा येत नाही. मला तिथे पप्पांच्या तंबाखूचा वास येतो."

"मेल्यावरबी पुडी सुटली नही," बेबाबाई पुटपुटली. पण मनात तिला वेगळंच लागलं होतं. कुंडी फिरवणं म्हणजे काय? म्हणजे तुला जमणार नाही, असं सांगणं. चाळीस-पन्नास माणसांच्या पंगतीला वरणबट्टी घालणाऱ्या बाईला एक कुंडी फिरवता येत नाही!

म्हणून तिनं स्वतःच्या पद्धतीनं शेती सुरू केली. कमलबाई म्हणाली, ताक शिंपड; तिनं शिंपडलं, पानांवर पांढरी बुरशी धरली. हितेंद्र म्हणाला, केळीचं खत दे. तिनं मूठ मूठ टाकलं, पानं भोपळ्याच्या पानांएवढी झाली आणि कळीचा पत्ता नाही. मग एका सकाळी पाहते तर पानं पुसलेली होती, उरलेल्या खताचे पांढरे दाणे वेचून दाराबाहेर रचून ठेवलेले होते. नीट ढीग करून, जसे भाऊ शेंगांची टरफलं रचायचे. रचलेला ढीग पाहून बेबाबाईला जेवढा अपमान वाटला तेवढा टाकलेल्याचा वाटला नसता.

अशात वीज ऑफिसचं पत्र आलं. पॉलिहाऊसचं कनेक्शन मयत इसमाच्या नावे आहे, तरी मालकानं समक्ष हजर राहावं. बेबाबाई समक्ष हजर राहिली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, तुम्ही मालक नाही, मालकांना पाठवा. बेबाबाई म्हणाली, पाठवते, पण मग तुमी खुर्ची सोडून पळायचं नही. बाईंना हे धमकीसारखं वाटलं, आणि दोन दिवसांत हिलाल नावाचा वायरमन कनेक्शन तोडायला आला. माणूस अमळनेरकडचा, बोलणं तिकडचं, अहिराणी. खांबावर चढून त्यानं वायर कापली, खाली उतरला, टोक हातात धरून पॉलिहाऊसच्या दाराशी आला, आणि तिथेच थांबला. आत कूलर चालू होता. पंखा गरगर फिरत होता, ओल्या जाळीतून पाणी ठिबकत होतं, वारा थेट कुंड्यांवर.

"अक्का," हिलाल हळूच म्हणाला, "वायर त मन्हा हातमां शे. बठ्ठं बंद शे. मंग हाऊ पंखा कसा काय फिरी ऱ्हायना?"

"त्यायले उकडते," बेबाबाई म्हणाली.

"कोनले?"

बेबाबाईनं स्टुलाकडे बोट दाखवलं. स्टुलावर कुणी नव्हतं. पण त्याची गादी मधोमध दबलेली होती, आणि हिलाल पाहत असतानाच ती हळूहळू वर आली, कुणी उठून उभं राहिल्यासारखी. हिलाल सायकल घेऊन आला होता. गेला तो पायी. कनेक्शन बंद असल्याचा शेरा त्यानं मारला असावा, कारण ऑफिसचं पत्र पुन्हा आलं नाही. सायकल त्याच्या पुतण्यानं येऊन नेली. तोही कुंपणाच्या आत आला नाही.

त्यानंतर गावानं पॉलिहाऊसमागची पायवाट सोडली. बायका वळसा घालून जायला लागल्या. कमलबाई सल्ले द्यायची ते भिंतीपलीकडून. घरातही हितेंद्र दुपारचा तिकडची खिडकी लावून घेई. एकट्या बेबाबाईला सोय नव्हती. शब्द तिनं दिला होता.

म्हणून ती दुपारची तिथे जायला लागली. जेवणं आटोपली, की तुरीच्या शेंगा नाहीतर निवडायचे तांदूळ घेऊन विटांच्या कट्ट्यावर बसायची. दुपारी असोदा ओस असतं. माणसं वावरात नाहीतर झोपलेली, कुत्री गटारीत, कुठेतरी लांब एखादी मोटारसायकल, मग तीही नाही. हिरव्या उजेडात हातसुद्धा दुसऱ्या कुणाचे वाटतात. स्टुलाच्या बाजूनं ओल्या जाळीचा गार वास यायचा, आणि त्यात तंबाखू. आधी ती नुसती भांडायची. मग भांडण संपल्यावर उगाच बसून काय करायचं, म्हणून गावातलं सांगायला लागली. कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाच्या केळीचा घड बागेतच पिवळा पडला, बांधाचा वाद कुठवर आला.

"हितू म्हनते, वरच्या वावरात औंदा कापूस नको. काय म्हनता?"

वरच्या नळीतला फॉगर फुस्स करून एकदा धुकं सोडी.

"मालेबी तेच वाटलं."

जिवंतपणी भाऊ तिच्या दहा बोलण्यांना मिळून एक 'हं' म्हणत. आता दर बोलण्याला फुस्स होत होतं. चार दशकांच्या संसारात एवढं बोलणं कधी झालं नव्हतं, आणि त्यासाठी एकाला मरावं लागलं, याची नोंद बेबाबाईनं मनात घेतली. बोलून दाखवली नाही, कारण भाऊ लगेच डोक्यावर बसले असते.

कळ्या आल्या तेव्हा मात्र जुंपली. एका सकाळी विटांच्या कट्ट्यावर बारक्या गुलाबी कळ्यांची ओळ मांडलेली होती. खुडलेल्या माद्या. नखाचा घाव ताजा, देठातून अजून पाणी सुटत होतं.

"कायले खुडल्या?" बेबाबाई ओरडली. "शब्द म्या दिला, झाडं माझी! माझ्या झाडावर हे चालाचं नही! एका दांड्यावर तिघं जनमले, तिघंबी वाढतीन!"

फॉगर गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळ. तिसऱ्या दिवशी तिनं कोपऱ्यातली एक कुंडी उचलून आपल्या बसायच्या जागेशेजारी आणून ठेवली, तिच्यातल्या दोन्ही बारक्या कळ्यांना चोळीच्या कापडाचा लाल धागा सैलसा बांधला, आणि स्टुलाकडे पाहत एवढंच म्हणाली, "या दोघींले हात लावून पाहा." चौथ्या दिवशी सगळ्या कुंड्यांतल्या माद्या ओळीनं कट्ट्यावर होत्या. त्या एका कुंडीतल्या दोघी दांड्यावर होत्या. जागच्या जागी, धाग्यासकट.

भाऊंनी तिचं ऐकलं होतं. बेबाबाई बराच वेळ तांदूळ निवडत बसली. तांदळात खडा नव्हताच.

आणि चमत्कार असा, की मोठं झालं ते नेमकं त्याच कुंडीतलं. दोघी बाजूला हसत उभ्या, आणि मधला फुलतच गेला, हळदीत कुंकू कालवल्यासारखा रंग, पाकळीवर पाकळी, पाकळीवर पाकळी, शेवटी भाताच्या मुदीला झाकेल एवढा. डिंपल पहिल्यांदाच दाराच्या आत आली, तिथूनच पाहिलं, म्हणाली, "आई, हे तर फुलासारखं वाटतच नाही. कुणीतरी पाहतंय असं वाटतं."

प्रदर्शनात नाव घालायला बेबाबाई जळगावला गेली. मंडळाचे सचिव बन्सीलालशेठ म्हणजे नियमाचा माणूस.

"अक्का, प्रवेश सभासदाच्या नावे असतो. सभासद तोतारामभाऊ. आता ते तुमच्या नावे करायचं तर मयताचा दाखला जोडा, आणि त्यावर सभासदाची सही आणा."

"कोनाची?"

"सभासदाची. तोतारामभाऊंची."

"ते मेले म्हनून त दाखला हाये न!"

बन्सीलालशेठनी चष्मा पुसला. खूप विचार केला. "मग असं करू. भाऊंच्याच नावे राहू द्या. मेलेल्या माणसानं भाग घेऊ नये, असं नियमात कुठे म्हटलेलं नाही."

"तेच बरं," बेबाबाई म्हणाली. "तसेबी कामं तेच करून राह्यले."

बन्सीलालशेठ हसले. मग त्यांनी बेबाबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू जिथे होतं तिथेच ठेवून दिलं.

प्रदर्शनाच्या सकाळी हितेंद्रनं पिकअप काढली. बेबाबाई कुंडी मांडीवर घेऊन पुढे बसली. डिंपल मधल्या जागेवर बसायला गेली, तर बेबाबाईनं तिला हातानं अडवलं.

"तठी नको. मांगं बस."

"पण आई, जागा तर रिकामी आहे."

बेबाबाईनं मांडीवरची कुंडी नीट धरली. डिंपलनं त्या जागेकडे नीट पाहिलं, हात पुढे करून मागे घेतला आणि निमूट मागे जाऊन बसली. हितेंद्रनं वाटेत दोनदा हिटर लावला. मधून येणारा गारवा काही जाईना.

हॉलमध्ये पांढऱ्या टेबलांवर कुंड्याच कुंड्या. मोहिनीताई आधीच येऊन उभ्या होत्या, मोतिया साडी, केसात स्वतःच्याच घरचा गुलाब. बेबाबाईचे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "काका गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं हो. दुसरा नंबर तुमच्याच घरात राहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे."

बेबाबाईनं हात सोडवून घेतले आणि कुंडीवरचं ओलं फडकं काढलं. मोहिनीताईंनी पाहिलं. त्यांच्या गुलाबाची एक पाकळी गळून खांद्यावर पडली. ती झटकायचं त्यांना सुचलं नाही. आजूबाजूची माणसं बोलता बोलता थांबली. एक म्हातारा म्हणाला, "अरे बापरे," आणि नुसता उभा राहिला.

बेबाबाईनं फूल पंचांच्या वाटेकडे तोंड करून ठेवलं. पाणी प्यायला वळली, परत आली, तर फूल तिच्याकडे तोंड करून होतं. पाव फेरा. तिनं पुन्हा नीट लावलं. डिंपलशी दोन शब्द बोलून पाहते तर पुन्हा पाव फेरा. पांढऱ्या टेबलावर कुंडीच्या बुडाचं ओलं वर्तुळ घासलेलं होतं.

"पंचायकडे पाहा," ती दात आवळून कुजबुजली. "माझ्याकडे काय पाहता?"

इतक्यात बन्सीलालशेठ घाईघाईनं आले, इकडेतिकडे पाहून तिच्या कानाशी वाकले. "अक्का, सांगायचं नसतं, पण पंच लांबूनच पाहून गेले. पहिला तुमचाच. आता औपचारिकता राहिली, जेवण करून येतात की झालं." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "मला कळलं कावळ्याचं. आज भाऊ सुटले, अक्का. मोकळे झाले."

ते गेले. बेबाबाई उभी राहिली.

सुटले.

हा शब्द तिनं किती वेळा स्वतःच म्हटला होता. सुटा एकदाचे. सोडा माझा पिच्छा. आणि आता तो कुणीतरी तिच्या हातात आणून ठेवल्यावर तिला पहिल्यांदा त्याचं वजन कळलं. उद्याची दुपार तिच्या डोळ्यांपुढे आली. जेवणं आटोपलेली. तुरीच्या शेंगा. प्लास्टिक हलत नाही, कूलर बंद, कारण वायर कापलेली आहे आणि कापलेल्या वायरीनं कूलर चालत नसतो. कुंड्या एका अंगाला कलायला लागलेल्या. बांधाचं काय झालं ते सांगायचं, आणि वरची नळी म्हणजे नुसती नळी. डिंपल सांगेल, आई, आता तो वास येत नाही. गावातल्या बायका पायवाटेनं जायला लागतील. आणि तोतारामभाऊ फोटोत, गुमान, आल्यागेल्याकडे एकसारख्या चेहऱ्यानं पाहत.

टेबलापलीकडे मोहिनीताई फिक्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा ती बाई हरलेली पाहायला मिळत होती; समोर, हाताच्या अंतरावर. बेबाबाईनं ते डोळे भरून पाहून घेतलं. एवढं तिचं होतं.

जेवणाच्या घंटेबरोबर माणसं बाहेर सरकली. तिनं पदर पुढे घेतला, जसा देवाला नमस्कार करताना घेतात, आणि पदराआड अंगठ्याचं नख मधल्या देठाला लावलं. फूल गार होतं. ते हातात आलं तेव्हा हॉलमधल्या सगळ्या कुंड्यांची पानं एकदम सळसळली. हॉलमध्ये पंखा नव्हता.

"पडलं व माय!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की जेवायला बसलेली माणसं उठून आली. "धक्का लागला! म्हाताऱ्या मानसाचा हात!"

बेबाबाईनं स्वतःला म्हातारं म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. हितेंद्र डोकं धरून बसला. डिंपल तिच्या नखाकडे पाहत होती, नखाला लागलेल्या केशरी रसाकडे. मग तिनं पर्समधून रुमाल काढला, सासूचा हात हातात घेऊन ते नख पुसलं आणि दुसऱ्याच कुंडीची चौकशी करायला निघून गेली. शहाणी पोर.

पंचांनी लाल धागे बांधलेल्या त्या दोन बारक्या फुलांकडे बराच वेळ पाहिलं. इथे कुणी या दोघी ठेवतच नाही, एक पंच म्हणाले, छान दिसतात की. पानं चांगली, डौल चांगला. दुसरा नंबर. ढाल धुळ्याला, टीव्हीशेजारी. स्टेजवरून नाव पुकारलं, "दुसरा क्रमांक, श्री तोताराम पाटील!" आणि बेबाबाई टाळ्यांमधून ताठ मानेनं चालत गेली, पाकीट घेतलं. मोहिनीताईंनी तिला मिठी मारली. "बघा, परंपरा राहिली की नाही?" बेबाबाईनं ती मिठी सोसली. याहून मोठा त्याग कुठल्या पतिव्रतेनं केला असेल, तर तो बेबाबाईच्या ऐकिवात नव्हता.

फूल तिनं हॉलमागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, वर पत्रावळी लोटल्या आणि झाकण लावलं. परतीच्या वाटेवर डिंपल मधे बसली. कुणी अडवलं नाही, गारवाही आला नाही. बेबाबाई खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर ती पॉलिहाऊसात गेली. थंडीचे दिवस, तरी प्लास्टिकखाली दुपारचं उकडत होतं. कूलर बंद होता. तिनं कुंड्या पाहिल्या. चुन्याचे ठिपके काल होते तिथेच. स्टुलाची गादी फुगलेली, कुठेही दबलेली नाही. ओला वास नाही, तंबाखू नाही. तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. उगाच दोन कुंड्यांना हात लावला. इतकं करून, चारचौघांत म्हातारी म्हणवून घेऊन, त्या धुळ्याच्या बाईची मिठी सोसून, हा माणूस गेलाच की काय? रुसून गेला? आजवर कशात रुसला नाही, आणि आता?

ती बसायला कट्ट्याकडे वळली.

कट्ट्यावर, जिथे खुडलेल्या माद्यांची ओळ लागायची तिथे, एकच फूल ठेवलेलं होतं. हळदीत कुंकू कालवल्यासारखं, भाताच्या मुदीएवढं, टवटवीत, आत्ताच खुडल्यासारखं. एका पाकळीला पत्रावळीवरचं एक शीत चिकटलेलं. आणि देठाशी, जिथे नखाचा घाव होता, तिथे ओल्या अंगठ्याचा ठसा, आडव्या रेघेचा, कुणी तो घाव हळूच चाचपून पाहिल्यासारखा.

बेबाबाई फुलाशेजारी बसली. पदरानं तोंड पुसलं. शेंगांचं सूप मांडीवर घेतलं, पहिली शेंग सोलली, आणि मग रिकाम्या स्टुलाकडे पाहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आपला निकाल दिला:

"समजलं न कोनं तोडलं ते? बरं झालं. पन तुमच्यासाठी तोडलं असं समजू नका. दोन नंबरचे व्हते, दोन नंबरचेच राह्यले, आनि तुमच्यापायी आता मीबी दोन नंबरची झाली. पहिला मी आनीन, माले वाटंल तवा आनीन. तवलोक कुठीबी जायाचं नही. मेले म्हनून सुटले असं व्हत नही. कुंड्या फिरवाच्या, दोघींले हात लावाचा नही, आनि इचारलं त्याचं उत्तर द्याचं. अन् कूलर चालू करा आता, उकडून राह्यलं. त्याचं तोंड फुलायकडे नको, माझ्याकडे करा!"